नळाला आलेले पाणी कोणाचे?

तहानलेल्याला पाणी देणे हे ख्रिस्तसभेने दयेच्या कृत्यांत गणले आहे. परंतु ते पाणी दुसऱ्या गरजवंताच्या ओंजळीतून आणलेले असेल, तर त्या कृत्याला दया म्हणावे काय? वसईच्या घराघरांत सूर्या नदीचे पाणी येते, तेव्हा हा प्रश्न आपल्या मनाला क्वचितच शिवतो.

धामणी येथे सूर्येवर धरण झाले, ते प्रामुख्याने डहाणू, पालघर, विक्रमगड या आदिवासीबहुल तालुक्यांतील शेती भिजावी म्हणून. पुढे वसई-विरार आणि मीरा-भाईंदर ही नगरे फोफावली व शासनाने त्या पाण्याचा मोठा वाटा त्यांच्यासाठी राखून ठेवला. दररोज ४०३ दशलक्ष लिटरच्या प्रादेशिक योजनेत वसई-विरारच्या वाट्याला १८५ व मीरा-भाईंदरच्या वाट्याला २१८ दशलक्ष लिटर आले. कालव्याच्या शेवटच्या टोकाकडे डोळे लावून बसलेल्या शेतकऱ्यांनी या वाटपाला विरोध केला. त्यांचा आवाज आपल्यापर्यंत फारसा पोहोचला नाही.

शासनाची बाजू दुबळी नाही. पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम हे तत्त्व सर्वमान्य आहे. राज्याच्या २००३ च्या जलनीतीने पिण्यानंतर उद्योगाला स्थान दिले होते; २०११ मध्ये ते शेतीला मिळाले. पहिला क्रम मात्र ढळला नाही, आणि तो ढळूही नये. पण ‘पिण्याचे पाणी’ या शब्दाच्या आडोशाला काय काय दडते, हे पाहिले पाहिजे. माणसाची तहान काही लिटरांत भागते. मोटारी धुणे, शौचालये, रोज उठणारे नवे मनोरे, हे सारे त्या तहानेच्या नावावर खपते. तहानेचा हक्क पवित्र आहे. हव्यासाला तो हक्क उसना देता येत नाही.

येथे आपल्याला आपलाच इतिहास आठवावा. १९८०च्या दशकाच्या अखेरीस दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईची चळवळ उभी राहिली. आपल्या विहिरींचे पाणी टँकरने उपसून नेले जात होते, गोडे पाणी मचूळ होत होते. त्या वेळी आपण त्याला अन्याय म्हटले, आणि ते खरेच होते. तोच शब्द आज धामणीच्या कालव्याखालचा शेतकरी उच्चारतो, तर तो आपल्या कानांना का बोचावा? शिवाय टँकरला पाणी विकणारे हात आपल्यातलेही होते. वाडीतली बावखले बुजवून त्यांवर इमारती उठल्या, तेव्हा सही करणारेही आपल्यातलेच होते.

नळ बंद करा, असे कोणी म्हणत नाही. नव्या इमारतींना परवानगी देण्याआधी शासनाने कालव्याच्या टोकापर्यंतच्या शेताला पाण्याची हमी द्यावी, सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरात आणावे. आपण उरलेली बावखले राखावीत, आणि येणाऱ्या प्रत्येक लिटरचा हिशेब स्वतःशी ठेवावा.

याकोबाच्या विहिरीपाशी प्रभूने शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागितले. ज्यांच्याशी त्याचे लोक व्यवहार ठेवीत नसत, त्यांच्यापुढे त्याने याचकाचा हात पुढे केला. आपण सूर्येचे पाणी घेतले. मागितले मात्र कोणाकडेच नाही.