जमिनीचा हिशेब आणि न्याय

जमीनवापर नियोजन म्हणजे कोणत्या जागेवर घरे, कारखाने, रस्ते किंवा उद्याने असावीत हे कायद्याच्या आधारे आधीच ठरवणे. हे काम तज्ज्ञांचे मानले जाते. परंतु आकडेमोड सुरू होण्यापूर्वी कोणत्या गोष्टी हिशेबात धरायच्या हे ठरवावे लागते, आणि तो निर्णय मूलतः नीतिशास्त्राच्या कक्षेत येतो.

मुंबईतील कापड गिरण्यांच्या जमिनींचा इतिहास हेच सांगतो. १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर अनेक गिरण्या बंद पडत गेल्या, तेव्हा १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने पुनर्विकासाच्या वेळी अशा जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे ठरवले: एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक सार्वजनिक घरांसाठी म्हाडा या राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाला आणि एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी मुळातच बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली. गिरणीच्या इमारती पाडून मोकळी होणारी जमीन तिच्यातून वगळली गेली आणि सार्वजनिक वाटा फार आक्रसला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली. पण वैधता आणि न्याय्यता हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

बँकांची कर्जे आणि कामगारांची थकीत देणी फेडण्यासाठी पैसा हवा होता, हा दुरुस्तीमागील विचार क्षुल्लक नव्हता. अधिकांचे अधिक हित पाहणारा उपयुक्ततावाद अशा वेळी सर्व लाभहानींची बेरीज करण्यास सांगतो. मात्र मुलांचे मैदान, कामगाराचे घर आणि जमिनीचा बाजारभाव यांना एकच परिमाण लावता येत नाही. तत्त्वज्ञानात याला मूल्यांची अतुलनीयता म्हणतात. तिच्यामुळे निर्णय अशक्य होत नाही, पण बेरजेऐवजी कारणे द्यावी लागतात.

ती कारणे दोन कसोट्यांवर तपासली पाहिजेत. एखादी बाब वगळताना, तिची झळ ज्यांना पोहोचणार आहे त्यांच्यासमोर, त्यांना मान्य करता येईल असे समर्थन मांडता येते का, ही पहिली. आणि होणारी हानी पुढे भरून काढता येईल का, ही दुसरी. कर्जफेडीसाठी मुदत वाढवता येते, दुसरा निधी उभारता येतो. दाट वस्तीतील मोकळी जमीन एकदा बांधकामाखाली गेली की ती परत मिळवणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून जे पैशाने भरून येत नाही आणि ज्यांना आज मत नाही अशा पुढच्या पिढ्यांचे जे आहे, ते हिशेबात सर्वांत आधी धरणे हे नियोजनकाराचे कर्तव्य ठरते.