वहीतली उधारी, कार्डातले पॉइंट

आमच्या घरात वर्षभर जो किराणा भरला जातो, त्यातली सगळ्यात मोठी खरेदी कुठल्याच कार्डावर चढत नाही. ती म्हणजे ज्वारी. सुगी झाली की मंगळवेढ्याकडची मालदांडी ओळखीच्या शेतकऱ्याकडून पोत्यांनी येते, रोखीनं. शेंगदाणे व्यापाऱ्याकडून, भाजी लक्ष्मी मंडईतून, दूध रतिबाचं. म्हणजे सोलापुरातलं आमचं जेवण ज्यांवर चालतं, त्या भाकरी, शेंगा चटणी आणि पालेभाजीतलं काहीच सुपरमार्केटच्या संगणकाला ठाऊक नाही. त्याला ठाऊक आहे तो शाम्पू, भांड्यांचा साबण, फिनेल, बिस्किटं आणि ओट्सचं एक पाकीट, जे कुणी खाल्लं नाही. त्या यादीवरून आमचं कुटुंब कसं दिसत असेल? सारखी धुणारी-पुसणारी आणि बिस्किटांवर जगणारी माणसं. तरीही या अर्ध्यामुर्ध्या ओळखीसाठी दुकानं आपल्याला पैसे मोजतात, आणि ते का मोजतात हे मला हळूहळू कळत गेलं.

कार्ड हा शब्दही आता नावापुरता उरलाय. प्लास्टिकचा तुकडा पाकिटात बाळगायची गरज नाही, मोबाइल नंबर हेच कार्ड. पैसे घेणारा मुलगा विचारतो, "काकू, नंबर?" आणि मागे रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांच्या कानावर जाईल अशा आवाजात बायका दहा आकडे म्हणून दाखवतात. एरवी नवख्या माणसाला नंबर द्यायला दहा वेळा विचार करणाऱ्या बायका. नंबर टाकला की पडद्यावर नाव येतं, पॉइंट जमा होतात, आणि आपण पिशव्या उचलतो.

हिशेब मांडला तर तो फार मोठा निघत नाही. समजा शंभर रुपयांच्या खरेदीला एक पॉइंट आणि पॉइंटची किंमत पन्नास पैसे. महिन्याला सहा हजारांचं सामान घेतलं तर साठ पॉइंट, म्हणजे तीस रुपये. वर्षाचे तीनशे साठ. दोन दुकानांतल्या तेलाच्या डब्याच्या भावात सणासुदीला कधी कधी याहून जास्त फरक असतो. आणि ज्या दुकानाची ट्रॉली सोलापुरातही सगळ्यात खचाखच भरलेली दिसते, त्या डी मार्टनं पॉइंटचं कार्ड काढलंच नाही. 2002 मध्ये पवईत पहिलं दुकान उघडल्यापासून त्यांचा भर एकाच गोष्टीवर आहे: रोजचाच भाव कमी ठेवायचा. गिऱ्हाईक परत येतंच.

मग पॉइंट कशासाठी? एक कारण माणसाच्या स्वभावात आहे. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अमेरिकन प्रयोग मला फार आवडतो. गाडी धुण्याच्या केंद्रावर गिऱ्हाइकांना कार्डं वाटली. काहींच्या कार्डावर आठ शिक्के भरले की एक धुलाई फुकट. बाकीच्यांच्या कार्डावर दहा शिक्के हवे होते, पण त्यातले दोन आधीच मारून दिलेले. दोघांनाही आठच शिक्के मिळवायचे होते. पहिल्या गटातल्या 19 टक्के लोकांनी कार्ड पुरं केलं, दुसऱ्या गटातल्या 34 टक्के. सुरुवात झालीय असं वाटलं की माणूस मध्येच सोडत नाही. म्हणूनच नवं कार्ड काढल्यावर 'स्वागताचे' पॉइंट मिळतात. म्हणूनच दीड हजारांवर दुप्पट पॉइंट असले आणि बिल चौदाशे वीसवर थांबलं, की काउंटरशेजारच्या फडताळातलं काहीतरी ऐंशी रुपयांचं उचललं जातं. ते ऐंशी रुपये आपण वाचवले, असं घरी सांगितलं जातं.

दुसरं कारण नोंदीचं. ब्रिटनमधल्या टेस्कोनं 1995 मध्ये क्लबकार्ड काढलं, त्याआधी काही दुकानांत ते करून पाहिलं होतं. क्लाइव्ह हंबी आणि एडविना डन या जोडप्यानं त्या नोंदींचा अभ्यास करून संचालकांपुढे मांडला, तेव्हा अध्यक्ष इयन मॅकलॉरिन जे म्हणाले त्याचा आशय असा होता, की तीस वर्षांत मला माझ्या गिऱ्हाइकांबद्दल जे कळलं नाही ते तुम्हाला तीन महिन्यांत कळलं, आणि याचीच भीती वाटते. कोण बाळाचं दूध घ्यायला लागलं, कुणाच्या घरात साखर कमी झाली, कोण महिनाअखेरीला स्वस्त चहावर येतो, हे बिलांची माळ ओवली की दिसतं. कूपन त्यावरून निघतं. मोक्याच्या फळीवर आपला माल हवा असणाऱ्या कंपन्यांनाही ही माहिती हवी असते, आणि ती फुकट मिळत नाही.

हे वाचून आमच्या पेठेतल्या जुन्या माणसाला नवल वाटणार नाही. तीस वर्षांच्या धंद्यात कोपऱ्यावरच्या अप्पांना हे सगळं ठाऊक होतंच. लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही, त्यात प्रत्येक घराचं पान. कुणाकडे पाहुणे उतरलेत, कुणाची लेक बाळंतपणाला आलीय, कुणाला डॉक्टरांनी गोड बंद केलंय, हे त्या पानावर वाचता येत होतं. ते कधीमधी गल्लीतही फिरायचं, तेव्हा वहीला पवित्र मानायचं कारण नाही. उधारीचा भाव चढा असायचा. डाळीत खडे निघाले तरी बोलायची चोरी, कारण मागची बाकी डोक्यावर. निष्ठा म्हणाल तर ती सक्तीची होती. बाकी फिटेपर्यंत दुसऱ्या दुकानाची पायरी चढायची सोय नव्हती. मिलच्या पगारावर चाललेली ही उधारी होती. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे 1877 साली निघालेली आपली जुनी मिल, आणि पुढे दुसऱ्याही मिल एकेक करून बंद पडल्या, तशी कित्येक वह्यांची पानं न फिटताच राहिली, असं जुने दुकानदार सांगतात.

पण त्या व्यवहारात एक गोष्ट होती जी कार्डात नाही. वह्या दोन असायच्या. एक दुकानात आणि एक छोटी आपल्या घरात, तेलाचे डाग पडलेली, आम्ही पोरं जी पिशवीत घालून न्यायचो. अप्पा दोन्हींत लिहायचे. पगाराच्या दिवशी वडील त्यांच्यासमोर बसून ओळ न ओळ जुळवायचे. "हे चहापत्तीचं काय लावलंय?" असं विचारता यायचं, आणि अप्पा खोडून द्यायचे. कार्डाची वही एकच आहे आणि ती त्यांच्याकडे. आपल्याला दिसतो फक्त बेरजेचा आकडा. आपल्याबद्दल आणखी काय लिहिलंय, ते कुणी वाचलं, हे दिसत नाही.

गंमत म्हणजे या नव्या वहीत देणेकरी दुकान आहे. आपले न वापरलेले पॉइंट ही कंपनीच्या ताळेबंदात देणी म्हणून दाखवावी लागतात. एप्रिल 2018 पासून आपल्याकडे लागू झालेल्या हिशेबाच्या मानकात तशी तरतूद आहे. गिऱ्हाईक विसरलं, मुदत संपली, की ते देणं मिटतं आणि उत्पन्नात जमा होतं. अप्पांनी कुणाची बाकी अशी मुदत संपली म्हणून सोडून दिल्याचं मला आठवत नाही. इथे मात्र मुदत देणेकऱ्यानंच ठरवलेली असते. पॉइंटचा भावही तोच ठरवतो आणि तोच बदलतो.

वही कुणाच्या हातात जाईल, हेही आपल्या हाती नसतं. पेबॅकचं उदाहरण बघा. बिग बाझारमध्ये खरेदी करणाऱ्या पुण्या-मुंबईच्या अनेक घरांत ते कार्ड होतं. मुळात हा उपक्रम आय-मिंट नावानं सुरू झाला, मग पेबॅक झाला. 2011 मध्ये पेबॅकची मूळ जर्मन कंपनी अमेरिकन एक्सप्रेसनं घेतली. 2021 मध्ये भारतातला व्यवसाय भारतपेकडे गेला, तेव्हा सदस्य दहा कोटींच्या घरात होते. पुढच्या वर्षी नाव बदलून झिलियन झालं. त्याच 2022 मध्ये बिग बाझारची कितीतरी दुकानं रिलायन्सनं ताब्यात घेतली. ज्या बाईनं गव्हाचं पीठ आणि चादर घेताना कधीतरी नंबर सांगितला, तिचं वहीतलं पान एवढे हात फिरून आलं. तिला कळलं असेल तर एखाद्या मेसेजवरून.

हात फिरणं वेगळं आणि फुटणं वेगळं. 2020 मध्ये बिगबास्केटच्या सुमारे दोन कोटी ग्राहकांची माहिती चोरीला गेल्याचं उघड झालं. त्यात ईमेल, फोन नंबर, पत्ते होते. रोजच्या त्रासाचा प्रकार मात्र साधा असतो. "तुमचे इतक्या हजारांचे रिवॉर्ड पॉइंट आज संपत आहेत, खालील अ‍ॅप घ्या" असा मेसेज येतो. स्टेट बँकेच्या नावानं फिरणाऱ्या अशा मेसेजबद्दल पीआयबीच्या फॅक्ट चेकनं 2024 मध्ये इशारा दिला होता. अ‍ॅप उतरवलं की फोनच दुसऱ्याच्या ताब्यात. हा फसवणुकीचा धंदा चालतो, कारण पॉइंट 'संपतात' ही सवय खऱ्या दुकानांनीच आपल्या अंगी लावलीय. असं घडलं तर 1930 वर लगेच फोन करावा.

फायदे नाहीतच असं म्हणणं खोटेपणाचं होईल. मिक्सरचं बिल हरवलं होतं, वॉरंटीसाठी ते नंबरावरून मिनिटात निघालं. शेजारच्या काकू पॉइंट साठवून दिवाळीला स्टीलचा डबा घेतात आणि त्यांना त्याचा जो आनंद होतो, तो तीनशे साठ रुपयांत मोजता येणार नाही. माझी भाची इंग्लंडात रेडिंगला असते. तिथे फळीवर दोन भाव असतात, एक सगळ्यांसाठी आणि एक कार्डवाल्यांसाठी. "कार्ड नसलं तर मूर्ख ठरतो गं आत्या," असं ती म्हणते. कार्डाचा भाव स्वस्त दिसावा म्हणून नेहमीचाच भाव फुगवतात की काय, अशी शंका तिथेही आली. तिथल्या स्पर्धा आयोगानं सुमारे 50,000 वस्तूंचे भाव तपासून नोव्हेंबर 2024 मध्ये सांगितलं, की 92 टक्के वस्तूंवर सवलत खरी होती. म्हणजे कार्डवाल्याला खरंच स्वस्त मिळतं. पण मग ज्याला आपली नोंद द्यायची नाही, त्यानं ती न देण्याची किंमत रोज मोजायची. आपल्याकडे 'सदस्यांसाठी खास भाव' अशा पाट्या आता दिसू लागल्यात. मला तरी पॉइंटपेक्षा या पाट्यांची धास्ती जास्त आहे.

कायदा हळूहळू जवळ येतोय. मे 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं किरकोळ विक्रेत्यांना सांगितलं, की बिलासाठी मोबाइल नंबरचा आग्रह धरू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, विश्वासानं दिलेली माहिती कायद्याच्या आधाराविना दुसऱ्याला देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. 2023 मध्ये वैयक्तिक डेटाचा स्वतंत्र कायदा झाला, नोव्हेंबर 2025 मध्ये त्याचे नियम आले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर दीड वर्षानं लागू व्हायच्या आहेत. माहिती कशासाठी घेता हे सांगणं, मागितली तर दाखवणं, नको म्हटलं तर पुसणं. वडील अप्पांसमोर बसून जे करायचे ते जवळपास हेच. तोवर मी एक साधी गोष्ट करते: जिथे नाहीतरी जायचंच असतं तिथेच नंबर देते, जन्मतारीख आणि लग्नाचा वाढदिवस मात्र कुठेच नाही. नंबर न देता बिल होतं का, एवढं विचारून पाहिलं तरी काउंटरवरचा मुलगा मान डोलावतो.

वही आपल्याच मालकीची असावी, हा विचारही जुना आहे. 1844 मध्ये इंग्लंडातल्या रॉचडेलच्या विणकरांनी स्वतःचं दुकान काढलं आणि नफा खरेदीच्या प्रमाणात सभासदांत वाटला. विणकरांनी, हे सोलापूरकरानं लक्षात घ्यावं. मुंबईच्या नायगावात 1948 मध्ये सुरू झालेला अपना बाजार त्याच सहकारी वळणाचा. तिथे नोंद ठेवली जायची ती सभासदाला त्याचा वाटा देण्यासाठी. साखर कारखाने आणि सूतगिरण्या सहकारात काढणाऱ्या आमच्या जिल्ह्यात किराण्याची अशी दुकानं का फोफावली नाहीत, यावर कुणीतरी नीट लिहायला हवं.

आणि ज्यांच्यापर्यंत यातलं काहीच पोचत नाही अशीही माणसं आहेत. कुंभारीजवळ रे नगरात विडी कामगारांसाठी, यंत्रमागवाल्यांसाठी, कचरा वेचणाऱ्यांसाठी 30,000 घरांची वसाहत उभी राहतेय. त्यातल्या 15,000 घरांच्या चाव्या जानेवारी 2024 मध्ये दिल्या गेल्या. विडीची मजुरी आठवड्याला हातात येते. खरेदी रोजची, दहाची चहापत्ती, वीसचं तेल. शंभराच्या खालच्या बिलाला पॉइंट नसतो, आणि महिन्याचं सामान एकदम भरायला तेवढी रक्कम एकदम हातात लागते. सवलत मिळते ती ज्याला आधीच बरं चाललंय त्याला. विडी वळणाऱ्या बाईची उधारी अजून कोपऱ्यावरच्या दुकानातच चालते. फरक एवढाच, की वही आता फोनमध्ये आहे. खाताबुकसारख्या अ‍ॅपवर दुकानदार नाव आणि रक्कम टाकतो, आणि बाकीचा मेसेज तिच्या फोनवर जातो. म्हणजे घरातली दुसरी वही एका अर्थानं परत आली. तिसरी मात्र आता अ‍ॅपवाल्या कंपनीकडे आहे, आणि तिथे पगाराच्या दिवशी समोर बसून ओळी जुळवायला कुणी नाही.