वेड्या महंमदाची गोष्ट

महंमद तुघलकाने 1327 साली राजधानी दिल्लीहून देवगिरीस आणली व त्या स्थळाचे नाव दौलताबाद ठेविले, ही हकीकत आपल्याकडे हसत हसतच सांगण्याचा प्रघात आहे. आम्हीही ती तशीच सांगत आलो. तिच्या जोडीला नाण्यांची गोष्ट येतेच. 1330 च्या सुमारास सुलतानाने तांब्यापितळेचे नाणे रुप्याच्या मोलाने चालविले, आणि लोकांनी म्हणे घरोघर टांकसाळी घातल्या! येथे हसण्यात आम्हांस काडीचाही दोष दिसत नाही. कारण येथे रयतेने सुलतानास बनविले आहे.

स्थलांतराच्या कथेचे तसे नाही. 1333 साली सिंधुतीरी पोहोचलेल्या इब्न बतूताने एक ऐकीव गोष्ट लिहून ठेविली आहे. दिल्लीत मागे राहिलेल्या एका आंधळ्यास दौलताबादेपर्यंत फरफटत न्यावे असा हुकूम झाला, आणि चाळीस दिवसांच्या त्या वाटेवर देहाचे तुकडे होऊन अखेर एक पाय तेवढा पोहोचला. या पायावर हुकमी हशा पिकतो. गोष्टीत अतिशयोक्ती असेल. दिल्ली अगदी ओस पडली, हेही आज पुष्कळ इतिहासकार मानीत नाहीत. परंतु तेवढ्याने आमची सुटका होत नाही. हसताना आम्ही ती खरी धरूनच हसलो होतो.

एकदा घरी ही गोष्ट अशीच रंगली असता सर्व मंडळी हसली. धाकट्याने मात्र विचारले, "मग तो पाय पुरला कुठे?"