आपण कोणत्या देशाचे?

वाचावयाचा भाग : यिर्मया 29:4-7, प्रेषितांचीं कृत्यें 22:25-29



एका खेड्यांतील उपदेशकबंधूंनीं आम्हांस विचारलें, "गांवची विहीर उपसावयास सारे निघाले, तेव्हां कोणी म्हणालें, 'हे साहेबाच्या धर्माचे, ह्यांना गांवाशीं काय करावयाचें?' आमचीं मुलें मान खालीं घालून घरीं आलीं. त्यांना आम्हीं काय सांगावें?" हा प्रश्न लहान नाहीं. त्याचें उत्तर आपण शास्त्रांतच शोधूं.

इ. स. पूर्व 597 च्या सुमारास बाबेलच्या राजानें यहूदांतील पुष्कळ लोकांस धरून नेलें. लवकरच सुटका होईल असें गोड बोलणारे खोटे संदेष्टे त्यांच्यांत निघाले. परंतु यिर्मयानें यरुशलेमेहून पत्र पाठवून कळविलें कीं, तेथें घरें बांधून राहा, मळे लावा, मुलांबाळांचे संसार थाटा, आणि त्या नगराचें भलें व्हावें म्हणून देवाजवळ मागा. बंदिवानांस शत्रूच्या नगराविषयीं ही आज्ञा, तर आपणांस आपल्या गांवाविषयीं किती अधिक! आपणांस कोणी येथें धरून आणलेलें नाहीं. आपल्या वाडवडिलांचा घाम ह्याच मातींत मुरला आहे, आणि आपण देवाला हांक मारतों तीही मराठींतच.

पौलाचें उदाहरण पाहा. गढींत त्याला फटके मारावयास बांधलें, तेव्हां आपण जन्मतः रोमी नागरिक आहों हें त्यानें उघड सांगितलें. सरदारानें तो हक्क मोठी रक्कम देऊन घेतला होता. पौलाला तो जन्मानेंच मिळाला होता. ख्रिस्ताचा झाल्यामुळें तो नाहींसा झाला असें त्यानें मानिलें नाहीं. आपल्या भारताच्या संविधानांतही, जें 26 जानेवारी 1950 रोजीं अंमलांत आलें, नागरिकत्वाच्या पांचव्या कलमांत जन्म व रहिवास ह्यांचा विचार आहे, उपासनेचा नाहीं. आणि पंचविसाव्या कलमानें सदसद्विवेकबुद्धीचें स्वातंत्र्य सर्वांस सारखें दिलें आहे.

आपले वडीलधारे ह्याच वाटेनें चालले. पंडिता रमाबाई 1889 सालीं मुंबईस भरलेल्या राष्ट्रीय सभेंत प्रतिनिधि म्हणून बसल्या, आणि पुढें दुष्काळांत अनाथ झालेल्या मुलींस त्यांनीं केडगांवीं आसरा दिला. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 सालीं झाला. त्यांनीं ख्रिस्ताचें स्तवन अभंगांत व ओव्यांत गाइलें. त्यांची भाषा बाप्तिस्म्याच्या पाण्यांत वाहून गेली नाहीं. ती धुऊन निघाली.

तथापि आपला दोषही आपण कबूल करूं. शाळा पाहिजे, औषध पाहिजे, सरकारांत अर्ज पाहिजे, म्हणजे पुष्कळ वर्षें आपण मिशनच्या बंगल्याकडे धांवलों, आणि गांवच्या चावडीकडे पाठ केली. मग गांवानें आपणांस पाहुणे समजावें ह्यांत नवल तें काय?

येथें एक सावधगिरी हवी. देश हा देव नव्हे. ज्या यिर्मयानें बाबेलसाठीं प्रार्थना करावयास सांगितलें, त्यानेंच स्वतःच्या राजांस व याजकांस त्यांचा अन्याय तोंडावर सांगितला, आणि पुढें तो चिखलाच्या हौदांत पडला. आपलें शेवटचें नागरिकत्व स्वर्गांत आहे असें पौलानें फिलिप्पैकरांस लिहिलें. म्हणून देशांत दुबळ्याचा हक्क बुडत असेल, तेथें गप्प बसणें ही देशभक्ति नव्हे.

तर मग, उपदेशकबंधूंनो, मुलांस सांगा कीं, मान वर करा आणि दोर घेऊन विहिरीवर जा. टोमणा ऐकूं आला तरी परत फिरूं नका. ग्रामसभेस हजर राहा, शेजारी आजारी असेल तर विचारपूस करा, आणि येत्या रविवारीं उपासनेंत आपल्या गांवाचें नांव घेऊन प्रार्थना करा. मुखानें केलेल्या वादापेक्षां उपसलेला गाळ अधिक बोलतो.

हे प्रभो, ज्या भूमींत तूं आम्हांस जन्म दिलास तिच्यावर प्रीति करावयास, आणि तुजवर तिच्याहून अधिक प्रीति करावयास आम्हांस शिकीव. आमेन.