न लिहिलेल्या नऊ पट्ट्या

योहान सेबास्टियन बाखने १७२३ साली, क्योथेनच्या दरबारी संगीतप्रमुखाच्या हुद्द्यावर असताना, दोन स्वरधारांच्या पंधरा लहान 'इन्व्हेन्शन' रचनांची जी सुवाच्य प्रत सिद्ध केली, तिच्या मुखपृष्ठावर आपला हेतू त्याने एखाद्या सरकारी जाहीरनाम्याच्या ऐसपैस भाषेत नमूद करून ठेवला आहे: विद्यार्थ्याला दोन्ही स्वरधारा स्वच्छ वाजवता याव्यात, गाणे त्याच्या बोटांत उतरावे, चांगली कल्पना सुचावी आणि तिचा विस्तारही साधावा. वाजवणे आणि रचणे या त्याच्या लेखी दोन विद्या नव्हत्या. मेजर आणि मायनर मिळून पट्ट्या चोवीस. नवशिक्याला अवघड अशा नऊ त्याने वगळल्या. त्या त्याच्या आवाक्यात नव्हत्या असे म्हणण्याची सोय नाही, कारण १७२२ सालच्या संग्रहात त्याने चोवीसही पट्ट्यांतून प्रील्यूड आणि फ्यूग रचले होते.

पॅरिसमध्ये अमेरिकन आईवडिलांच्या पोटी जन्मलेला, खगोलभौतिकीची पदवी घेतलेला जॅझ पियानोवादक डॅन टेप्फर मैफलीत त्या पंधरा रचना लिहिल्या बरहुकूम वाजवतो आणि उरलेल्या नऊ पट्ट्यांत त्या क्षणी सुचेल ते रचतो. २०११ च्या ध्वनिमुद्रणात त्याने बाखच्या 'गोल्डबर्ग' व्हेरिएशनांना आपल्या उत्स्फूर्त वादनाची जोड दिली होती, ते कीर्तनकाराच्या निरूपणासारखे होते. चरण मूळचा, विस्तार आपला. येथे मात्र चरणच नाही. ग्रंथ जेथे मौन पाळतो तेथे बोलण्याची सनद कोणी दिली, हा प्रश्न दिसायला संगीताचा असला तरी मुळात धर्मशास्त्राचा आहे.

बाख निष्ठावंत लूथरपंथी होता आणि त्याच्या मृत्यूनंतर झालेल्या मालमत्तेच्या यादीत लूथरचे ग्रंथ सापडतात. त्या लूथरने १५२० सालच्या आपल्या प्रबंधात श्रद्धावान मनुष्य एकाच वेळी पूर्ण स्वतंत्र आणि पूर्ण बांधील असतो असा विरोधाभास मांडला, तो तर्काने सुटत नाही. आचरणातच त्याचा अर्थ लागतो. टेप्फर बाखचे स्वर घेत नाही, पद्धत घेतो: एक छोटी कल्पना मांडायची, तिला घर सोडायला लावायचे, परक्या पट्ट्यांत अडचणीत टाकायचे आणि अखेर बदललेल्या रूपात परत आणायचे. बाखच्या लकबींची नक्कल करता तर तो गुलाम ठरता. नियमच झुगारता तर त्या नऊ जागांचा बाखशी काही संबंधच उरता ना.

लेखणी हाती असलेल्याला खाडाखोडीची मुभा असते, उत्स्फूर्त वादकाला ती नाही. निसटलेला स्वर मागे घेता येत नाही; पुढचे स्वर असे आणावे लागतात की तो चुकीचा स्वरच आवश्यक भासावा. प्रायश्चित्ताचे याहून नेमके चित्र मला ठाऊक नाही, कारण येथेही झालेले पुसले जात नाही, त्याचा अर्थ तेवढा बदलतो.

तथापि उत्स्फूर्ततेची भाबडी पूजाही नको. १७४७ च्या मे महिन्यात पॉट्सडामला प्रशियाच्या फ्रेडरिक राजाने दिलेल्या स्वरवाक्यावर बाखने तेथल्या तेथे तीन स्वरधारांचा फ्यूग वाजवला. सहा धारांची फर्माईश होताच मात्र त्याने त्यासाठी स्वतःचे स्वरवाक्य निवडले, आणि राजाच्या वाक्यावरची सहा धारांची रचना घरी बसून लिहून काढली. क्षणाच्या सामर्थ्याची मर्यादा या थोर उत्स्फूर्त वादकाला पक्की ठाऊक होती. टेप्फरच्या नऊ जागाही बाखच्या पंधरांइतक्या घट्ट विणीच्या नाहीत. त्यांचे मोल त्या वाजवताना पत्कराव्या लागणाऱ्या जोखमीत आहे. २०२३ साली त्यांचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले आणि त्या क्षणाचाही दस्तऐवज झाला. वाचकांनी तो रचनांची यादी न पाहता ऐकावा आणि बाख कोठे संपतो ते स्वतःच ठरवावे.