वकिलाची बुद्धि कोणाची?

वकिलाविषयीं आपल्या समाजाचीं दोन मतें फार दिवसांपासून सुखानें शेजारीं नांदत आहेत. वकील म्हणजे पैसे देईल त्याची बाजू खरी करून दाखविणारा मनुष्य, हें एक मत. आणि सार्वजनिक कार्याची धुरा वाहण्यास वकिलासारखा योग्य पुरुष नाहीं, हें दुसरें. सकाळीं पहिलें मत बोलून दाखविणारे गृहस्थ सायंकाळीं सभेचें अध्यक्षस्थान वकिलालाच देतात. या विसंगतीला हंसून सोडून देणें सोपें आहे. परंतु तिच्या पोटीं एक खरा नैतिक प्रश्न आहे: जी बुद्धि एका पक्षकारास मोल घेऊन दिली, तीच पुढें लोकांस विनामूल्य देतां येते काय? व्यापारी कंपन्यांच्या वकिलाच्या बाबतींत तर हा प्रश्न अधिकच टोंचतो. कारण ज्या धनिकांचीं गुपितें त्यास ठाऊक असतात, त्यांच्याच विरुद्ध लोकहित पुष्कळदां उभें असतें.

या प्रश्नाचा विचार हवेंत न करितां एका चरित्राच्या आधारानें करावा, असें आम्हांस वाटतें. अमेरिकेंतील लुई ब्रँडाइस (1856–1941) यांचें चरित्र त्यासाठीं फार उपयोगी आहे. हार्वर्ड येथें कायद्याचें शिक्षण झाल्यावर 1879 सालीं त्यांनीं बोस्टन शहरांत एका सहाध्यायाबरोबर वकिलीची पेढी काढली. गिरण्या, कागदाचे व जोड्यांचे कारखानदार, व्यापारी असे त्यांचे पक्षकार होते. केवळ कज्जा लढविणें एवढेंच आपलें काम ते मानीत नसत. धंद्याचा हिशेब, मजुरी, मालाची उठावणी हीं सर्व समजून घेऊन सल्ला देणें हा त्यांचा बाणा होता. पन्नाशीच्या सुमारास त्यांची मिळकत सुमारें दहा लक्ष डॉलरांवर गेली होती. राहणी मात्र त्यांनीं मुद्दाम साधी ठेविली.

याच काळांत त्यांनीं लोकांचीं कामें हातीं घेतलीं. मजूर वर्ग त्या वेळीं खाजगी विमा कंपन्यांकडे आठवड्याच्या आठवड्यास कांहीं सेंट भरून आयुष्याचा विमा उतरीत असे. दारोदार वसुली करणाऱ्या अडत्यांचा खर्च त्यांतून निघे आणि हप्ते चुकले कीं भरलेला पैसाही बुडे. ब्रँडाइस यांनीं या व्यवहाराचे आंकडे काढले व केवळ निषेध करून न थांबतां तोडगा सुचविला: बचतीच्या पेढ्यांनींच, अडते न नेमतां, आपल्या खिडकीवर स्वस्त विमा विकावा. 1907 सालीं मॅसॅच्युसेट्स संस्थानानें तसा कायदा केला. भागीदारांस नफा नाहीं, संस्थापकास वेतन नाहीं, आणि तरीही व्यापारी हिशेबानें चालणारी अशी ही संस्था होती. उद्योजकता केवळ स्वतःच्या भांडवलानेंच दाखवितां येते असें नाहीं, हें यावरून दिसेल.

त्यांच्या चरित्रांतील एक लहानशी गोष्ट आम्हांस सर्वांत मोठी वाटते. न्यू हेवन रेल्वेच्या मक्तेदारीविरुद्ध ते कित्येक वर्षें लढले. त्या कामाबद्दल त्यांनीं कोणाकडून फी घेतली नाहीं. इतकेंच नव्हे, तर या कामांत आपला जो वेळ गेला, त्याची भरपाई त्यांनीं पदरच्या पैशानें आपल्याच पेढीस केली. परोपकार आपण करावा आणि त्याचा भार भागीदारांनीं सोसावा, हें त्यांस मान्य नव्हतें. आपल्याकडे सार्वजनिक कार्याच्या नांवाखालीं घरच्यांचा, कारकुनांचा व सहकाऱ्यांचा वेळ जे सढळ हातानें दान करितात, त्यांनीं हें उदाहरण अवश्य ध्यानांत धरावें.

आतां दुसरी बाजू. 1916 च्या जानेवारींत राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनीं त्यांस सर्वोच्च न्यायालयावर नेमण्याचें ठरविलें, तेव्हां मोठें वादळ उठलें. माजी राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांच्यासह वकीलमंडळींच्या अनेक धुरीणांनीं लेखी विरोध केला. त्यांत ज्यूद्वेषाचा अंश होता, धनिकांचा रागही होता. पण सगळाच विरोध त्यांतून निघाला असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. जोडे शिवण्याचीं यंत्रें भाड्यानें देणाऱ्या युनायटेड शू मशिनरी कंपनीचे ब्रँडाइस हे संचालक व वकील होते. 1906 सालीं त्यांनीं कायदेमंडळापुढें तिच्या भाडेकरारांचें समर्थन केलें. पुढें त्यांनीं तिच्याशीं संबंध तोडला आणि कांहीं वर्षांनीं तेच करार मक्तेदारीचे म्हणून निषिद्ध ठरविले. काल ज्याचें मीठ खाल्लें त्याच्यावर आज शस्त्र धरणें, ही हरामखोरी नव्हे काय, असा आक्षेपकांचा सवाल होता.

आमच्या मतें येथें दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. पक्षकार वकिलाकडून श्रम विकत घेतो आणि त्याबरोबर गुप्ततेचें वचन घेतो. हें वचन फी संपली तरी संपत नाहीं. परंतु वकिलाचें मत तो जन्मभरासाठीं विकत घेत नाहीं. तसें असेल तर अनुभवी माणसानें शहाणें होणेंच पाप ठरेल! मात्र मत बदलणाऱ्यावर एक जबाबदारी येते. बदललेल्या मताचा लाभ त्याच्या स्वतःच्या पदरीं पडतां कामा नये, आणि जुन्या पक्षकारानें विश्वासानें सांगितलेली गोष्ट शस्त्र म्हणून वापरतां कामा नये. 1918 सालीं सरकारनें याच कंपनीवर चालविलेला खटला सर्वोच्च न्यायालयापुढें आला, तेव्हां न्यायमूर्ति ब्रँडाइस निर्णयांत सहभागी झाले नाहींत. निकाल एका मताच्या फरकानें लागला व सरकार हरलें. तरीही ते बाजूसच राहिले. हें अंग काढून घेणें आम्हांस कोणत्याही भाषणापेक्षां अधिक बोलकें वाटतें.

परंतु त्यांची सर्वच वर्तणूक आम्ही निर्दोष मानीत नाहीं. 1907 सालीं एक अडचणींत आलेला चामड्याचा व्यापारी त्यांच्याकडे आला. त्याची मालमत्ता धनकोंच्या हितासाठीं त्यांच्या भागीदाराच्या स्वाधीन झाली. पुढें हा माझा वकील कीं धनकोंचा, असा प्रश्न निघाला, तेव्हां आपण ‘परिस्थितीचे वकील’ होतों अशा अर्थाचा खुलासा झाला. कल्पना उदात्त आहे. सर्वांचें भलें करण्याचा तिचा हेतु आहे. पण बुडत असलेला मनुष्य दार ठोठावतो तेव्हां परिस्थितीसाठीं नव्हे, तर स्वतःसाठीं ठोठावतो. आपण त्याचे नाहीं, हें त्यास पहिल्याच भेटींत स्वच्छ सांगावयास हवें होतें. लोकहिताची संवय जडलेल्या माणसास समोरचा एकटा मनुष्य कधीं कधीं दिसेनासा होतो, हा या मार्गांतील खरा धोका आहे.

आमच्या मुंबईंत सर फिरोजशहा मेहता यांच्या ठायीं हाच संगम वेगळ्या रूपानें दिसला. 1868 सालीं बॅरिस्टर होऊन आलेल्या या पुरुषानें वकिली केली. 1888 च्या मुंबई म्युनिसिपल कायद्याच्या घडणींत आपलें कायद्याचें ज्ञान ओतलें. 1911 सालीं सोराबजी पोचखानवाला यांनीं काढलेल्या सेंट्रल बँकेचें पहिलें अध्यक्षपद स्वीकारलें, आणि 1913 मध्यें ‘बॉम्बे क्रॉनिकल’ हें दैनिक उभें केलें. कोर्टांत कमावलेली पत त्यांनीं देशी पेढीच्या पाठीशीं उभी केली. पत ही उसनी देतां येते, पण बुडाली तर परत मिळत नाहीं, हें वकिलाहून अधिक कोणास ठाऊक असणार?

मग बुद्धि कोणाची? ती पक्षकाराची नव्हे, तशी केवळ वकिलाचीही नव्हे. समाजानें दिलेल्या शिक्षणावर व न्यायालयांवर ती पोसली आहे; म्हणून समाजाचा तिच्यावर हक्क आहे. पण हा हक्क पक्षकाराच्या विश्वासावर पाय देऊन वसूल करितां येत नाहीं. ज्या घरांतील मुलगा किंवा मुलगी कायद्याचा अभ्यास करीत आहे, त्या घरानें केवळ अगोदर पैसा व मग सेवा असा क्रम शिकवूं नये. पुरे झालें असें म्हणण्याचा दिवस त्या क्रमांत क्वचितच उगवतो. गरजा आटोक्यांत ठेवाव्या, परोपकाराचा खर्च स्वतः सोसावा, आपण कोणाचे आहों हें प्रथमच सांगावें, आणि जेथें दोन निष्ठा एकमेकींस छेदतात तेथून मुकाट्यानें उठून जावें. यांतील शेवटचें करणें सर्वांत कठीण आहे. कारण त्याबद्दल फीही मिळत नाहीं आणि टाळ्याही मिळत नाहींत.