पावती

आजीच्या पत्र्याच्या पेटीत एक कागद आहे. घडीवर फाटलेला, पिवळा पडलेला. सरकारी पावती. १९५८ च्या कायद्यानं गावकीची वतनं खालसा झाली, तेव्हा पणजोबानं भरलेल्या पैशाची. चौदा एप्रिलला घर झाडताना आजी ती काढते, कपाळाला लावते, परत ठेवते. मला लहानपणापासून वाटायचं, ही आपल्या मालकीची सनद.

मी सूतगिरणीत रिंग खात्यात आहे. रात्रपाळी करायची, दिवसा झोप मोडून वाचायचं, अधनंमधनं कविता लिहायची. शाळा दहावीलाच सुटली. सी. एल. आर. जेम्सचं हैतीच्या क्रांतीवरचं १९३८ सालचं पुस्तक डिक्शनरी मांडीवर घेऊन चार महिने वाचलं. पुढचा इतिहास मिळेल तिथनं गोळा केला. आणि त्या वाचनात एका जागी मला आजीची पावती सापडली. दोस्तहो, तेच सांगायला हे लिहितोय.

प्रश्न एवढाच आहे : गुलाम सुटला, तर पैसे कोणी कोणाला द्यायचे?

हैती तेव्हा सँ-दोमँग होतं. फ्रान्सची वसाहत. १७८९ च्या सुमारास तिथं पाच लाखांच्या आसपास गुलाम, तीस-चाळीस हजार गोरे आणि तीसेक हजार स्वतंत्र काळे नि मिश्र रक्ताचे लोक. युरोपातल्या चहा-कॉफीत पडणारी जवळजवळ निम्मी साखर या एका वसाहतीतून जायची. १६८५ च्या 'काळ्या कायद्या'नं गुलामाला जंगम मालमत्ता ठरवलं होतं. खुर्ची, बैल, गुलाम, सगळे एका यादीत. महिनाभर पळून गेला तर कान कापायचे आणि खांद्यावर डाग द्यायचा, हेही त्याच कायद्यात. तिथल्या एका विद्वानानं रक्ताचे १२८ भाग करून कोण किती काळा, कोण किती गोरा, याची प्रतवारी लिहून ठेवली. वाचताना मी हसलो. आपल्याला हे नवीन आहे काय? बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हटलं ते दुसरं काय असतं!

मग १७८९. पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा. पहिलं कलम सांगतं, माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान हक्कांची असतात. शेवटचं, सतरावं कलम सांगतं, मालमत्ता पवित्र आहे, तिला हात लावता येणार नाही.

आता मळ्यावर ऊस तोडणारा माणूस या दोन कलमांच्या मधे उभा करा. पहिल्या कलमानं तो माणूस. सतराव्या कलमानं तो मालकाची पवित्र वस्तू. मग तो कोण? पॅरिसच्या सभेत मोठमोठे वक्ते होते, पण मळेवाल्यांच्या पैशापुढं पहिलं कलम जहाजात चढायलाच तयार नव्हतं.

मधल्या पायरीवरच्यांनी काय केलं, तेही बघा. व्हँसां ओजे हा मिश्र रक्ताचा सधन माणूस. त्यानं १७९० मध्ये बंड केलं, पण आपल्या पायरीपुरतं. गुलामांची सुटका त्याच्या मागणीत नव्हती. १७९१ च्या फेब्रुवारीत गोऱ्यांनी त्याला चाकावर बांधून हाडं मोडून मारलं. वरच्याशी समानता आणि खालच्यावर मालकी, दोन्ही एकदम मागणाऱ्याचं पुढं काय होतं ते आपल्यातल्या पांढरपेशांनी एकदा नीट वाचावं.

२२ ऑगस्ट १७९१ च्या रात्री उत्तरेकडचे मळे पेटले. पाच लाखांनी पहिल्या कलमाचा अर्थ स्वतः लावला. १७९३ मध्ये तिथल्या फ्रेंच कमिशनरला मुक्ती जाहीर करावी लागली आणि ४ फेब्रुवारी १७९४ ला पॅरिसनं सगळ्या वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली. पॅरिसला एकाएकी दया आली म्हणून हे झालं नाही. मळे आधीच पेटलेले होते. इंग्रज आणि स्पेन दारात होते. सुटलेल्या गुलामांच्या फौजेशिवाय फ्रान्सला बेट राखता येत नव्हतं.

या फौजेचा नेता तूसँ लूव्हेर्त्यूर. जन्मानं गुलाम, मळ्यावर गाडी हाकणारा. त्याची पूजा मी करणार नाही. त्यानंही सुटलेल्या लोकांना पुन्हा मळ्यावर जखडलं, कारण बंदुका साखर-कॉफी विकूनच येत होत्या. त्याविरुद्ध उठलेल्या मोइझला, स्वतःच्या मानलेल्या पुतण्याला, त्यानं १८०१ मध्ये गोळ्या घातल्या. पण त्याच वर्षी त्यानं घटना लिहवून घेतली, तिच्यात गुलामगिरी कायमची संपली असं नोंदवलं. नेपोलियननं फौज पाठवली, १८०२ मध्ये बोलणीला बोलावून तूसँला पकडलं आणि फ्रान्सच्या डोंगरातल्या थंड किल्ल्यात टाकलं. ७ एप्रिल १८०३ ला तो तिथंच मेला. नोव्हेंबरात देसालिनच्या फौजेनं नेपोलियनची फौज हरवली. १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झाला. १८०५ च्या घटनेत लिहिलं की यापुढं इथला प्रत्येक नागरिक, मग तो कुठल्याही रंगाचा असो, 'काळा' म्हणूनच ओळखला जाईल. शिवी होती ती नागरिकत्वाचं नाव झाली. १९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्यानं 'दलित' शब्दात कामगार, भूमिहीन, स्त्रिया सगळ्यांना घेतलं, तेव्हा त्याच वाटेवरचं पाऊल टाकलं, असं मला वाटतं.

इथं पुस्तक संपतं. पावतीची गोष्ट पुढं सुरू होते.

१८२५ साली फ्रान्सच्या राजानं, दहाव्या चार्ल्सनं, फर्मान पाठवलं. सोबत चौदा युद्धनौका आणि पाचशेच्या वर तोफा. तुमचं स्वातंत्र्य आम्ही मान्य करतो, पण आमच्या मळेवाल्यांचं नुकसान झालं, त्याचे १५ कोटी फ्रँक भरा. पाच हप्त्यांत. नुकसान कशाचं? जमिनीचं, घरांचं आणि गुलामांचं. म्हणजे समोर उभा माणूस स्वतःच्या अंगाची किंमत भरणार! अध्यक्ष ब्वायेनं सही केली. पहिल्या हप्त्याला पैसे नव्हते म्हणून फ्रान्सच्याच बँकवाल्यांकडून ३ कोटीचं कर्ज काढलं. त्यातले ६० लाख त्यांनी आधीच कापून घेतले. १८३८ मध्ये एकूण रक्कम ९ कोटीवर आणली. ती भरली कॉफीवरच्या करातून, सुटलेल्या गुलामांच्या नातवंडांच्या घामातून. या पैशापायी काढलेल्या कर्जांची शेवटची फेड झाली १९४७ साली. शाळा, दवाखाने, रस्ते यांचा पैसा सव्वाशे वर्षं पॅरिसला आणि पुढं न्यूयॉर्कलाही गेला. आणि वर आज जग विचारतं, हैती गरीब का?

कोणी म्हणेल, देसालिननं १८०४ मध्ये हजारो गोरे कापले, त्याचं काय? कापले. बायकामुलंही. त्याचं समर्थन मी करत नाही. पण १५ कोटी मेलेल्या माणसांसाठी मागितले नव्हते. गेलेल्या मालमत्तेसाठी मागितले होते.

आणि हे एकट्या फ्रान्सचं नाही. इंग्लंडनं १८३३ मध्ये गुलामगिरी रद्द केली, तेव्हा २ कोटी पौंड भरपाई दिली, ती मालकांना. गुलामांना एक दमडी नाही. त्यासाठी काढलेलं कर्ज फिटलं २०१५ साली. आपल्याकडं जमीनदारी गेली, जमीनदारांना भरपाई मिळाली. संस्थानं गेली, राजांना १९७१ पर्यंत तनखे.

आणि आम्हाला? वतन म्हणजे वेठ, हे बाबासाहेब ओरडून सांगत होते. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायदा बदलायचं बिल आणलं होतं. ते गेल्यावर दोन वर्षांनी कायदा झाला. वतन खालसा. पण तीच जमीन पुन्हा आपल्या नावावर घ्यायला शेतसाऱ्याच्या तिप्पट रक्कम भरा. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या मढी ओढली, सांगावे पोचवले, साहेबाच्या घोड्यापुढं धावले, त्यांनी भरा. मढी ओढायची मजुरी कोणी मोजली नाही. रक्कम लहान होती, म्हणतात. असेल. १५ कोटी आणि पणजोबाचे चार पैसे एका मापाचे नाहीत, हे मलाही कळतं. हिशेबाची वही मात्र एकच आहे.

आपल्या घटनेतलं सतरावं कलम अस्पृश्यता नष्ट करतं. फ्रान्सच्या सतराव्या कलमानं मालमत्ता पवित्र केली. हा आकड्यांचा योगायोग, पण मला तो रात्री साच्यावर धागा जोडताना आठवतो. बाबासाहेबांनी १९५४ च्या रेडिओ भाषणात सांगितलं की स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द मी फ्रेंच क्रांतीकडून उसने घेतलेले नाहीत, माझे गुरू बुद्ध यांच्याकडून घेतलेत. पूर्वी मला हे नुसतं अभिमानाचं वाक्य वाटायचं. हैती वाचल्यावर त्यातलं शहाणपण दिसलं. ज्या समतेच्या शेवटी मालकाची वही असते, ती समता गुलामाला बिल पाठवते.

मग ब्वाये चुकला का? पणजोबा चुकला का? बरेच दिवस मला दोघांचाही राग होता. सही करायची नव्हती, असं वाटायचं. शेवटी आजीलाच विचारलं. ती म्हणाली, "पैसं भरलं नसतं तर रान गेलं असतं, बाळा. पर महारकी पैशानं न्हाई सुटली. आमी सोडली म्हून सुटली."

मी गप्प झालो. तोफेपुढं भरलेला पैसा हे पाप नाही. आपण खरंच देणं लागत होतो, असं मनात मानणं, तिथं गुलामी परत घरात येते. आज कोणी 'सवलती' म्हणतो आणि आपण मान खाली घालतो, तेव्हा आपण तीच पावती कपाळाला लावत असतो.

२००३ साली, तूसँच्या मरणाला दोनशे वर्षं झाली त्या दिवशी, हैतीच्या अध्यक्ष आरिस्तीद यांनी फ्रान्सकडं २१ अब्ज डॉलरच्या वर रक्कम परत मागितली. पुढच्याच वर्षी त्यांना देश सोडावा लागला. २०२५ मध्ये फ्रान्सनं इतिहासकारांची समिती जाहीर केली. पैशाचं नाव नाही. पण दोनशे वर्षांनी का होईना, वही उलटी उघडली गेली. कोण कोणाचं लागतो, हा प्रश्न भरणाऱ्यानं विचारला.

दोस्तहो, तुमच्याही घरात अशी पेटी असेल. कागद फाडू नका. त्याच्यावर डोकं टेकू नका. वस्तीतल्या पोरांना तो मोठ्यानं वाचून दाखवा आणि विचारा, हे पैसे कोणाचे होते?

आमची पावती मी आजीकडून मागून घेतली आहे. येत्या चौदा एप्रिलला ती सभेत वाचणार आहे. आजी पहिल्या रांगेत बसणार आहे.

जय भीम.